मित्राच्या पिशवीतले कागद

सन्माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या महिन्यात माझ्या मित्राच्या निधनाची बातमी आली. ‘तालुक्याचे उगवते नेतृत्व हरपले’ असा तिचा मथळा होता आणि खाली त्याने भूषवलेली पदे क्रमाने दिली होती : ग्रामपंचायत सदस्य, पंचायत समिती सदस्य, जिल्हा परिषद सदस्य. पुढच्या विधानसभेसाठी त्याच्या नावाची चर्चा होती, असेही शेवटी म्हटले होते. बातमीत काहीही चुकीचे नव्हते आणि खेड्यातल्या एका कार्यकर्त्याला आपण एवढी जागा दिलीत याबद्दल आमचे गाव आपले आभारी आहे. तरीही ती वाचून झाल्यावर मी बराच वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसून राहिलो, कारण एक पद संपून दुसरे येईपर्यंतच्या वर्षांत जे घडले ते त्यात कुठेच नव्हते आणि ते जवळून पाहिलेली माणसे आता दोन-चारच उरली आहेत. म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्याच्या मुलांच्या इच्छेनुसार त्याचे नाव, गावाचे नाव आणि पक्षाचे नाव मी येथे लिहीत नाही. तालुक्यातल्या वाचकांना ते कळेलच. ‘ते’ असे न लिहिता ‘तो’ लिहितो आहे, कारण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे मी त्याला अरे-तुरेच करत आलो आणि आता बहुवचन लावले तर तो मला परका वाटेल.

आम्ही दोघे १९७१ साली जन्मलेले, तासगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू भागातले. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीला एकाच पोत्यावर बसलो ते पुढे सुटलो नाही. आम्ही तिसरीत असताना, १९७९ मध्ये, शेजारच्या सावळज गटातून अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे आमचे आबा, जिल्हा परिषदेवर निवडून गेले. रोजगार हमीच्या कामावर राबून शिकलेला, ऐपत नसलेल्या घरातला हा तरुण सांगलीला सभागृहात जाऊन बसला, ही गोष्ट आमच्या भागातल्या घराघरांत सांगितली जात असे. अकरा वर्षांनी, १९९० ला, आबा आमदार झाले तेव्हा आम्ही एकोणीस वर्षांचे होतो. मी त्या वर्षी वडिलांबरोबर पहिली द्राक्षबाग लावली आणि माझ्या मित्राने आबांच्या सभा ऐकत गावोगाव फिरायला सुरुवात केली. त्याच्या वडिलांना हे मुळीच आवडले नव्हते. छाटणीच्या दिवसांत हा सभेला जातो म्हणून त्यांनी एकदा त्याची सायकल विहिरीत टाकली होती. आम्ही दोघांनी ती गळ टाकून काढली.

ग्रामपंचायतीत तो २००० साली निवडून आला आणि त्याच सुमारास ग्रामविकास मंत्री झालेल्या आबांनी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या अभियानाची बक्षिसे, तपासणी समित्या, रंगवलेल्या भिंती यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आठवते ती एका संध्याकाळची गोष्ट. आमच्या गावच्या बायका अंधार पडल्यावर सावळज रस्त्याच्या कडेला जात. एखादी जीप किंवा एसटी वळणावरून आली की दिव्याच्या झोतात एकेक बाई उठून उभी राहायची आणि गाडी गेली की पुन्हा बसायची. आम्ही दोघे त्या दिवशी तासगावहून एका टेम्पोत पुढे ड्रायव्हरजवळ बसून येत होतो आणि त्या उजेडात उभ्या राहिलेल्यांत त्याची आई होती. तो काहीच बोलला नाही. गाव येईपर्यंत मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घराच्या मागच्या बाजूला कुदळ घेऊन खड्डा खणायला घेतला, आणि घराजवळ संडास म्हणजे देवघर बाटले असे म्हणणाऱ्या वडिलांशी तो महिनाभर भांडला. गल्लीतला पहिला संडास त्याच्या घरचा. त्यानंतरच तो इतरांच्या दारात बोलायला गेला.

पुढे काही वर्षांनी पहाटे शिट्ट्या मारत रस्त्याकडेच्या लोकांना हुसकावणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ निघाली तेव्हा त्याने आमच्या गावात तसे पथक काढायला विरोध केला. बायांना आधीच उठून उभे राहावे लागते, त्यांना आणखी किती वेळा उठवायचे, असे तो ग्रामसभेत म्हणाला. बक्षिसासाठी गुण कमी पडतील अशी भीती दाखवणारे होते. आमच्या गावाला बक्षीस मिळाले नाही हे खरेच आहे. परंतु ज्या घरांना जागाच नव्हती अशा अकरा घरांसाठी त्याने गावठाणातली जागा मिळवली. त्या कामासाठी तो सव्वा वर्ष तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. मला विचाराल तर त्याचे सार्वजनिक आयुष्य त्या सव्वा वर्षात घडले. अर्ज कुठल्या टेबलावर जातो, कुठे अडकतो, कोणत्या कागदावाचून परत येतो आणि कारकुनाशी आवाज न चढवता कसे बोलायचे, हे सारे तो तिथे शिकला.

सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले तेव्हा गावाला वाटले की आता हा आपल्या बायकोला उभे करील आणि कारभार आपणच पाहील. आजूबाजूच्या गावांत तेच चालले होते. वहिनींनी स्वतःच नको म्हटले, आणि त्याने गावातल्या एका अंगणवाडी मदतनीस बाईंच्या मागे आपले वजन उभे केले. त्या निवडून आल्या. पहिल्या मासिक सभेला त्यांचे यजमान सवयीने सरपंचाच्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्या मित्राने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाहेर आणले आणि सभा संपेपर्यंत स्वतः त्यांच्याशेजारी पायरीवर बसून राहिला. ते दोघे पानसुपारी खात पायरीवर आणि आत बाई इतिवृत्त वाचून घेताहेत, हे दृश्य पुढे कित्येक महिने दर सभेला आम्ही पाहिले. पन्नास टक्के आरक्षण नंतर २०११ मध्ये आले, पण ते अमलात कसे आणायचे हे आमच्या गावाला त्या पायरीवर आधीच कळले होते.

आता आमच्या मैत्रीत आलेल्या एका वर्षाबद्दल लिहिले पाहिजे, कारण ते वगळले तर हे सारे कौतुक खोटे ठरेल. १५ ऑगस्ट २००७ ला गृहमंत्री असलेल्या आबांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. आमच्या ग्रामसभेने समिती निवडली आणि अध्यक्ष म्हणून त्याला बसवले. समितीपुढे जे पहिले पाच-सहा तंटे आले त्यांत एक आमचा होता. शेजारच्या शेतकऱ्याची तक्रार होती की आमचा बांध त्याच्या रानात सरकला आहे. मला खात्री होती की निकाल आमच्या बाजूने लागणार, कारण अध्यक्ष माझा जिवाभावाचा मित्र होता आणि शेजारी भावकीतला नव्हता, परगावाहून येऊन जमीन घेतलेला होता.

त्याने दोन्ही बाजूंना मोजणीचे पैसे निम्मे-निम्मे भरायला लावले. भूमी अभिलेखचा माणूस आला, साखळी पडली, खुणा रोवल्या गेल्या, आणि बांध आमच्या बाजूने अडीच फूट पुढे गेलेला निघाला. माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षे नांगरटीच्या वेळी थोडा थोडा सरकवला होता. लहानपणी मी ते पाहिलेही होते. समितीच्या बैठकीत, सगळ्या गावासमोर, तो माझ्याकडे बघून एवढेच म्हणाला, “बांध तुमच्याकडनं सरकलाय, आणि हे तुला ठाऊक हाय.” वडील त्या वेळी हयात होते, खाली सतरंजीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी उठून बाहेर आलो आणि त्यानंतर अकरा महिने त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नाला गेलो नाही. रस्त्यात समोर आला तर मी वाट बदलत असे.

तो मात्र वाट बदलत नसे. माझ्या वडिलांना त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला तेव्हा रात्री अकरा वाजता दारात जीप घेऊन उभा राहिलेला माणूस तोच होता. सांगलीला पोहोचेपर्यंत वडिलांचे डोके त्याच्या मांडीवर होते. बांधाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. वडील बरे होऊन घरी आल्यावर एक दिवस त्यांनीच मला शेतात नेले आणि काठीच्या टोकाने नवा बांध दाखवत म्हणाले, पोराने बरोबर केले. मी त्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन चहा प्यालो. क्षमा मागायचे शब्द माझ्या तोंडून तेव्हा निघाले नाहीत. ते येथे, आपल्या वाचकांसमोर, लिहून ठेवतो आहे.

२०१२ साली तो पंचायत समितीवर गेला. आमच्या भागातली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे पाणी, आणि पाण्याच्या बाबतीत त्याने जे केले ते लोकप्रिय होण्यासारखे नव्हते. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या तिन्ही योजना कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून वर आणतात. त्यामुळे पाऊस कितीही कमी असला तरी वीजबिल भरल्याशिवाय पाणी वर चढत नाही. थकबाकी वाढली की पंप बंद, आणि पंप बंद पडायचे ते नेमके उन्हाळ्यात. उसाच्या भागात पाणीपट्टी कारखान्याच्या बिलातून परस्पर कापून घेता येते. द्राक्षाचे तसे नाही. आमचा पैसा व्यापाऱ्याकडून येतो किंवा बेदाण्याच्या सौद्यातून येतो, तो कापून घेणारे मध्ये कोणी नसते, आणि हातात आलेल्या पैशातून पाणीपट्टी काढून देणे हे ज्याच्या त्याच्या मनावर राहते. पुढारी याबाबतीत सहसा एकच करतात : पाणीपट्टी माफ व्हावी म्हणून मोर्चा काढतात. माझ्या मित्राने बेदाण्याच्या शेडवर वही घेऊन बसायला सुरुवात केली. माल काढायच्या दिवशीच तो तिथे हजर असे आणि एकराचा हिशोब करून पैसे मागे. लोक चिडत. मी स्वतः चिडलो आहे. पण पुढच्या उन्हाळ्यात आमच्या पोटपाटाला आवर्तन आले आणि शेजारच्याला आले नाही, तेव्हा त्याला शिव्या देणाऱ्यांनीच त्याला बोलावून पाणीपूजन करायला लावले. पुढे शासनाने वीजबिलाचा ८१ टक्के भार स्वतःवर घेऊन १९ टक्के शेतकऱ्यांवर ठेवला, त्यामुळे हे काम थोडे सोपे झाले. त्याच्या आधीची वर्षे कठीण होती आणि ती त्याने एकट्याने रेटली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा तो नऊ दिवस घरी आला नव्हता. गावागावातून भाकरी आणि वैरण गोळा करून पलूसकडे आणि मिरजेकडे गाड्या पाठवण्याचे काम त्याच्याकडे होते. दुष्काळी भागाने पूरग्रस्तांना वैरण पुरवावी, हे त्या वर्षी घडले. याविषयी तो स्वतः फारसे बोलत नसे, म्हणून मीही एवढेच लिहितो.

त्याच्यात दोष होते. तो रागीट होता. दुसऱ्यांची कामे करताना स्वतःच्या बागेकडे त्याने केलेले दुर्लक्ष मला अखेरपर्यंत पटले नाही. डाऊनी रोगाने एका हंगामात त्याची निम्मी बाग गेली ती केवळ फवारणीच्या दिवसांत तो सांगलीला होता म्हणून. जिल्हा परिषदेच्या २०१७ च्या निवडणुकीत त्याने बागेवर कर्ज काढले. मी त्याला नको म्हटले होते. निवडणूक लढवायची तर एवढा खर्च लागतोच, असे तो म्हणाला आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. तो निवडून आला, कर्ज मात्र अजून पूर्ण फिटलेले नाही. जिल्हा परिषदेत पाच वर्षे बसलेल्या माणसाच्या घरी आज बँकेची नोटीस आहे, ही गोष्ट मी त्याच्या चारित्र्याचा दाखला म्हणून सांगत नाही. मला ती फक्त क्लेशकारक वाटते.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादात निवडणुका वर्षानुवर्षे लांबत गेल्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या व्यवस्थेने आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाला सत्तेपर्यंत जायला एक शिडी दिली. बाभळगावचे सरपंच असलेले विलासराव देशमुख आणि सावळज गटाचे सदस्य असलेले आर. आर. पाटील याच शिडीने वर गेले. माझा मित्र तिच्या मधल्या पायरीवर होता आणि ती पायरीच काढून घेतली गेली. त्याच्या नावापुढे ‘माजी’ लागले, सभागृह नाही, निधी नाही, अधिकाऱ्याला बैठकीत प्रश्न विचारायची सोय नाही. ज्यांना गावपातळीवरच्या निवडणुका लांबल्याने काय बिघडते असे वाटते, त्यांनी या वर्षांत सामान्य माणसाच्या अर्जाचे काय झाले ते एकदा पाहावे. पूर्वी सभेत उभे राहून पाच मिनिटांत मिळणारे उत्तर मिळवण्यासाठी त्याला आता चार खेपा घालाव्या लागत. त्या तो घालत राहिला.

या खेपांसाठी त्याच्याकडे एक खाकी कापडी पिशवी होती. गेली पंधरा-सोळा वर्षे ती त्याच्या खांद्याला मी पाहत आलो. बंद शिवून शिवून जाड झालेला, तळाला दोन ठिगळे, आणि आत लाल कापडी बांधणीची एक चोपडी. कोणी काम सांगितले की तो उभ्याउभ्या चोपडीत नाव, गाव, काम आणि तारीख लिहून घेई, आणि समोरच्या रकान्यात आपण कोणत्या कचेरीत किती तारखेला गेलो आणि काय उत्तर मिळाले ते भरत जाई. काम झाले की त्या ओळीवर आडवी रेघ. अखेरच्या रात्रीही तो तासगावहून अशाच एका कामावरून परत येत होता. छातीत कळ आली म्हणून त्याने मोटारसायकल रस्त्याकडेला नीट स्टँडवर लावली आणि पिशवी उशाला घेऊन आडवा झाला. दूध घालायला निघालेल्या पोरांना तो पहाटे तसाच सापडला. वय चोपन्न.

शोकसभेत गावच्या वेशीवर त्याच्या नावाची कमान उभारावी असा ठराव मांडला गेला. ठराव मांडणाऱ्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे, पण कमानीसाठी जमणाऱ्या वर्गणीचा पहिला उपयोग चोपडीतली कामे पुरी करण्यासाठी व्हावा असे मी तिथे म्हणालो आणि येथेही म्हणतो. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी ती पिशवी माझ्या हातात दिली. चोपडीत रेघ न मारलेल्या त्रेसष्ट ओळी आहेत. त्यांतली एक विधवा बाईंच्या संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाची आहे. वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला मिळवण्यासाठी तो पाच वेळा गेला होता, आणि पाचव्या तारखेपुढे ‘मंगळवारी या’ असे लिहिलेले आहे. तो मंगळवार उलटून गेला होता. पुढच्या मंगळवारी मी गेलो. दाखला मिळाला, आणि त्या ओळीवर मी माझ्या हाताने रेघ मारली. आतापर्यंत आम्ही तिघा मित्रांनी मिळून चौदा ओळी पुऱ्या केल्या आहेत. उरलेल्यांत जमिनीच्या वारसनोंदी आहेत, अपंगत्वाचे दाखले आहेत, दोन शाळांच्या गळक्या वर्गखोल्या आहेत, आणि आमच्या फाट्यावर रात्रीची एसटी थांबावी म्हणून २०२३ पासून चाललेला पत्रव्यवहार आहे.

संपादक महोदय, हे पत्र लिहिण्याचे तातडीचे कारण आता सांगतो. त्या पिशवीत अनेकांचे मूळ कागद आहेत : रेशनकार्डे, सातबारा आणि आठ-अ चे उतारे, तीन जणांची बँक पासबुके, शाळा सोडल्याचे सहा दाखले आणि जन्मनोंदीचे जुने उतारे. काही पाकिटांवर फक्त आडनाव आहे, काहींवर तेही नाही. तालुक्याच्या पूर्व भागातील ज्या लोकांनी त्याच्याकडे कागद दिले असतील त्यांनी मंगळवारी किंवा शनिवारी सकाळी दहा ते एक या वेळेत आमच्या ग्रामपंचायत कार्यालयात यावे आणि ओळखपत्र दाखवून आपले कागद घेऊन जावेत. ग्रामपंचायतीने त्यासाठी एक टेबल दिले आहे आणि त्या वेळी आमच्यापैकी कोणीतरी तिथे असतो. ज्यांना आपले काम पुढे चालू ठेवायचे आहे त्यांनी कागद परत नेण्याची घाई करू नये, फक्त येऊन आपली ओळ चोपडीत दाखवावी, म्हणजे कुठपर्यंत आले आहे ते कळेल. फाट्यावरच्या एसटीसाठी नव्या अर्जावर सह्या घेत आहोत. तोही अर्ज त्याच टेबलावर ठेवलेला आहे.

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार,
तासगाव तालुका, जि. सांगली